उमाजी मांदाडेचा चाकांवरचा डोंगा

आमच्या बोडीटोल्यात उमाजी मांदाडेला निवांत बसलेलं पाहिलेला माणूस सापडायचा नाही. पायांना व्याधी आहे असं नाही. पाय चांगले आहेत, नको तितके चांगले आहेत. पंगतीत पानावर भात पडून वरण येईपर्यंत हा उठून चुलीकडे जाऊन येतो. मयताच्या घरी लोक माना खाली घालून बसलेले असतात आणि हा अंगणातल्या बाजेची सैल दोरी आवळत असतो. कुणी म्हटलं, "बस ना गा उमाजी," की म्हणतो, "बसतोच," आणि उभाच राहतो. त्याची बायको गोकुळा हसून सांगते, "यायच्या मायनं यायले चालत्या डोंग्यात जनम देल्ला. म्हून यायले जमीन मानवत नाई."

तिची थट्टा अर्धी खरी आहे. उमाजीचा बाप वैनगंगेवर डोंगा चालवायचा. या काठची माणसं, बकऱ्या, धानाची पोती, नव्या नवऱ्या, अडलेल्या बाळंतिणी, सगळी त्याच्या लाकडी डोंग्यातून पलीकडे गेली. पावसाळ्याच्या तोंडावर तो डोंगा काठावर पालथा घालायचा, बूड खरवडायचा, दगडांच्या चुलीवर डांबर वितळवायचा आणि फटीफटीत भरायचा. लहान उमाजी काडीनं डांबर ढोसायचा. बाप सांगायचा, "पाण्याले बोट शिरवाले जागा ठेवू नको. बोट शिरलं का हात शिरते, हात शिरला का पाणी मालक होते." हे बोलणं उमाजीच्या हाडात बसलं.

पुढे नदीवर पूल झाला. पुलावरून मोटारी जाऊ लागल्या आणि डोंगा काठावर उन्हानं तडकून गेला. उमाजी माजरीला गेला, कोळशाच्या गाडीवर आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. खाणीतून रेल्वेच्या सायडिंगला, सायडिंगवरून परत खाणीत. दिवसभर गाडी पळायची आणि संध्याकाळी होता तिथंच यायचा. इतकं हिंडूनही आपण कुठं जात नाही, हे त्याला सोसलं नाही. एका ठेकेदारानं एक लहान, जुना ट्रक भंगारात काढायला बाजूला लावला होता. उमाजीनं तो मागून घेतला आणि तो चालवतच गावी आला.

ट्रक गावात शिरला तेव्हा त्याचं एक दार तारेनं बांधलेलं होतं आणि रंग कुठला म्हणावा हे कुणाला ठरवता येत नव्हतं. उमाजीनं त्याला पहिल्या दिवसापासून ट्रक म्हटलं नाही, डोंगाच म्हटलं. हिवाळ्यात धान, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची पोती, अधूनमधून लग्नाचं वऱ्हाड, आणि पावसाळ्यात आमच्या तलावासाठी मासोळीचं बीज. डोंग्यानं कधी नाही म्हटलं नाही.

तलावाचं इथंच सांगून टाकतो. आमची घरं ढिवरांची, मासेमारांची. शेती थोडी, तलाव मोठा. सोसायटी पावसाळ्यात त्यात बीज सोडते, वर्षभर राखण होते, उन्हाळ्यात जाळं लागतं. बीज पडलं नाही तर वर्ष रिकामं जातं. जिऱ्याएवढं बारीक बीज, आमच्याकडचं जिरं, सोडलं की तलावातल्या मरळी ते गिळून टाकतात, असं दोन-तीन सालं झालं. म्हणून यंदा बोटाएवढी वाढलेली बोटुकली आणायची ठरली, रोहू आणि कतला. सोसायटीचे अध्यक्ष देवाजी म्हणाले, या खेपेला भाड्याची नवी गाडी बोलवू. उमाजी सभेत उभा राहिला, म्हणजे उभाच होता, फक्त पुढे आला.

"घरचा डोंगा असून भाड्याची गाडी काऊन, देवाजीभाऊ?"

"तुहा डोंगा रस्त्यात आंग टाकन, म्हून."

"कधी टाकलं? सांगा नं, कधी टाकलं?"

"नाई टाकलं गा. पण वय झालं नं त्याचं."

"वय तं तुमचंबी झालं. तुमाले अध्यक्ष ठेवलंच ना आमी!"

सभा हसली. देवाजीही हसले, पण हसणं ओसरल्यावर म्हणाले, "हे हंगामातलं शेवटचं बीज हाय, उमाजी. केंद्रावर पुन्हा मिळणार नाई. हे मेलं तं वर्षभर तलावावर बगळेच पाहू आपण."

"मरणार नाई. माह्या अंगावर," उमाजी म्हणाला.

त्या दिवसापासून त्यानं ट्रकच्या पोटाखाली मुक्काम ठोकला. मासोळीचे डबे वाटेत हिंदकळतात, पाणी फळ्यांतून खाली गळतं आणि सांगाड्याला गंज धरतो. उमाजीनं सगळा गंज खरवडला. मग बापाच्या रीतीनं दगड मांडले, डांबर वितळवलं आणि ट्रकच्या बुडाला फासलं. सांगाडा, पट्ट्या, बोल्ट, सगळं काळंभोर झालं. गावातली जुनी माणसं वाकून पाहून गेली. असा हात आता कुणाचा राहिला नाही, असं म्हणाली. उमाजीची छाती दिवसभर फुगलेली होती. गोकुळा एवढंच म्हणाली, "झालं का? आता नदीत ढकलाले मोकळे."

वरोऱ्याकडच्या बीज केंद्रावरून ते निघाले तेव्हा उजाडत होतं. मागं निळे प्लास्टिकचे डबे दाटीनं बांधलेले, तोंडं उघडी, आणि प्रत्येकात पाण्यापेक्षा मासोळीच जास्त वाटावी अशी चमचम. डब्यांच्या मधे गोकुळा आणि सुकलू उभे होते. सुकलू सोसायटीचा सभासद, उमाजीच्याच वयाचा, तोंडाचा मोकळा. गाडी चालत असली की डब्यातलं पाणी आपोआप उसळतं आणि हवा घेतं. गाडी थांबली की ते काम हातानं करावं लागतं. तळहात पसरून पाणी थापटत राहायचं, या डब्यावरून त्या डब्यावर, न थांबता. आमच्याकडे हे कुणाला शिकवत नाहीत. पोटच्या पोराला थोपटतात तोच हात असतो.

निघताना सेल्फ, इंजिन चालू करणारी मोटर, जड फिरला. एरवी चाबी दिली की इंजिन झटक्यात घुमायचं, त्या दिवशी कण्हत कण्हत फिरलं आणि दुसऱ्या खेपेला पकडलं.

"म्हातारा खोकलला," सुकलू मागून ओरडला.

"गारव्यानं," उमाजी म्हणाला आणि गिअर टाकला.

पोळा जवळ आला होता आणि पावसानं उघाड दिली होती. अशा उघाडीचं ऊन वाईट, ओल्या घोंगडीखाली धरल्यासारखं घुसमटवतं. भद्रावती गेलं, चंद्रपूर गेलं, मूलच्या रस्त्याला जंगल लागलं. चिचपल्लीच्या पुढे मोहाच्या झाडाखाली एक चहाची टपरी आहे, शेजारी हातपंप. डब्यांतलं पाणी हिंदकळून उतरलं होतं, म्हणून उमाजी तिथं थांबला. इंजिन त्यानं चालूच ठेवलं. पण वारा फिरला आणि सायलेन्सरचा धूर वळून डब्यांवर येऊ लागला. गोकुळा वरून ओरडली, "अवो, बंद करा ना! धुरानं मरतीन त्या!"

उमाजीनं इंजिन बंद केलं. त्यांनी डबे भरले. तो वर चढला आणि चाबी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. आत कुणीतरी जिभेनं आवाज करावा तेवढाच, पुढे काही नाही.

उमाजीनं आधी हॉर्न दाबला. हॉर्न असा वाजला की टपरीवरचं कुत्रं उठून पळालं. दिवे लावले, दिवे लागले. "बॅटरी ठणठणीत हाय," तो स्वतःलाच म्हणाला. खाली उतरला, बॅटरीची टोकं काढली, घासली, पुन्हा आवळली. टक्. मग टॉमीचा लोखंडी दांडा घेऊन सेल्फच्या अंगावर हाणला. जुना सेल्फ कधी कधी मारानं शुद्धीवर येतो, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. टक्. मग सेल्फच्या दोन बोल्टांवर आडवा पाना धरून पाहिला. ठिणगी उडाली, पाना हातातून सुटला, सेल्फ जागचा हलला नाही.

"अंधारात नेऊन कानात सांगा त्याले काई," सुकलू म्हणाला. त्याचे दोन्ही हात पाण्यात चालू होते.

"तू पाणी थापट बे!"

"थापटूनच राह्यलो. तुमी चाबी थापटा."

उमाजी गाडीभोवती फिरू लागला. पुढून मागे, मागून पुढे. टायर उगीच लाथेनं बडवले. फ्यूज काढले, लावले. सकाळचं ऊन चढत होतं. मोहाची सावली ट्रकवरून सरकत बाजूला गेली होती आणि डबे उन्हात आले होते. गोकुळानं लुगड्याचा धडपा ओला करून दोन डब्यांवर पसरला. तिचे हात एका लयीत पाण्यावर पडत होते आणि डोळे डब्यातल्या तोंडांवर होते. तळाशी फिरणारी बोटुकली वर येऊ लागली होती. पाण्याच्या कडेला इवली तोंडं उघडत होती, मिटत होती.

बांबू भरलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस, म्हणाला, "साखळी हाय माह्याकडे. टोचन करून ओढतो, हिसक्यानं चालू होईन."

उमाजीचा चेहरा उजळला. तो साखळीला हात घालणार तोच गोकुळा वरून म्हणाली, "नाई."

"काऊन नाई?"

"हिसका बसला का डबे एकावर एक येतीन. खाली सांडलेली मासोळी वेचाल का तुमी रस्त्यावरून?"

बांबूवाल्यानं डबे पाहिले, उघडी तोंडं पाहिली आणि साखळी परत ठेवली. "बाई खरं सांगते भाऊ," म्हणाला आणि गेला.

मग उमाजीनं मूलच्या राजदीपला फोन लावला. राजदीप गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. या रस्त्यावरचे अर्धे ड्रायव्हर त्याला नावानं ओळखतात. तो म्हणाला, हातातली गाडी जोडून येतो. उमाजी म्हणाला, "जोडू नको, तशीच सोड. जीव हाय माह्या गाडीत." फोन ठेवला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन मूलच्या दिशेला पाहत राहिला, जणू पाहिल्यानं मोटारसायकल लवकर येणार होती.

टपरीवर चहा प्यायला आलेला एक म्हातारा एवढा वेळ सगळं बघत होता. जंगू त्याचं नाव, जवळच्याच पिपरबोडीचा गोंड शेतकरी. चहा संपवून तो मागच्या फळीवर चढला आणि न विचारता एका डब्यावर बसून पाणी थापटू लागला. त्याचा हात पाहून गोकुळाला कळलं की याच्या गावीही तलाव आहे.

"तुमचा तलाव किती लांब हाय, बुवा?" तिनं विचारलं.

"तो सागाचा प्लॉट दिसते ना, त्याच्या मागं. माही बैलबंडी इथीच हाय."

गोकुळा खाली उमाजीकडे पाहून म्हणाली, "अर्धं बीज यायच्या तलावात सोडू."

उमाजी जागीच वळला. "लोकाच्या तलावात?"

"दाटी कमी झाली तं उरलेलं जगते. नाई तं सगळंच जाते."

"आता येते ना राजदीप!"

"थो येईन. मासोळी त्याची वाट पाहून नाई राह्यली."

"मी देवाजीभाऊले काय सांगू? अर्धं बीज दान देलं म्हून सांगू?"

"मेलेले डबे दाखवाल तं काय सांगाल?"

उमाजी जंगूकडे वळला. "बुवा, आज ठेवून घ्या. पुढच्या हप्त्यात जाळं टाकून नेतो वापस."

जंगूनं हात थांबवला नाही. शांतपणे म्हणाला, "पाहा भाऊ, आत्ताच बोललेलं बरं. पाण्यात गेली का मासोळी पाण्याची. आमच्या तलावात सोडसान तं ते आमचं बीज. वापस मांगाले येऊ नका, मंग भांडण होते. नाई सोडाचं तं नका सोडू, मी इथीच थापटत बसतो तुमच्यासोबत."

हे बोलणं सरळ होतं, आणि सरळ होतं म्हणूनच उमाजीला जास्त लागलं. त्यानं सीटवर चढून चाबी फिरवली. टक्. खाली उतरला. पुन्हा चढला. टक्. गोकुळानं एका डब्यात हात घालून वर काढला. तळहातावर दोन बोटुकल्या आडव्या पडलेल्या होत्या, न हलणाऱ्या. तिनं हात त्याच्यापुढे धरला.

"ने," उमाजी म्हणाला. "बंडी लाव बुवा."

सुकलू, जंगू आणि टपरीवाला असे तिघं डबे उतरवून बंडीत चढवू लागले. उमाजीनं एका डब्याला हात लावला, मग सोडून दिला. बंडी सागाच्या प्लॉटमागं दिसेनाशी होईपर्यंत तो गाडीच्या पुढच्या बाजूला तोंड करून उभा होता. गोकुळानं रिकाम्या जागेत उरलेले डबे सरकवले. बंडी परत आली तेव्हा रिते करून आणलेल्या डब्यांत जंगूच्या तलावाचं पाणी होतं. तिनं उरलेली बोटुकली त्या पाण्यात वाटून टाकली. तोंडं हळूहळू खाली जाऊ लागली, सगळी नाही, पण बरीच.

राजदीप आला. चाळिशीचा, गप्पा कमी मारणारा. "जय भीम भाऊ," म्हणाला, मोटारसायकल मोहाला टेकवली आणि पिशवीतून दोन तारांचा एक बल्ब काढला.

"सेल्फ मेला असन," उमाजी म्हणाला. "बॅटरी नाई. बॅटरी मी पाह्यली."

"तुमी पाह्यली, आता मी पाहतो."

त्यानं सेल्फकडे जाणाऱ्या जाड तारेला बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला. "करंट येते," तो म्हणाला. मग बल्बची एक तार बॅटरीच्या उण्या टोकाला धरली आणि दुसरी थेट इंजिनच्या अंगाला. बल्ब विझलेला. "मारा सेल्फ."

उमाजीनं चाबी फिरवली. टक्. आणि इंजिनला टेकलेला बल्ब पेटला.

राजदीपनं मान हलवली. "हा लागाले नाई पायजे होता, भाऊ. सेल्फ चांगला हाय, बॅटरी चांगली हाय. करंट येते, काम कराले जाते, पण वापस जावाची वाट बंद हाय. मंग हॉर्न वाजते, दिवे लागते, त्यायले थोडंसं लागते ना. सेल्फले लय लागते. अर्थिंग कुठंतरी सुटली." तो ट्रकखाली सरकला आणि लगेच त्याचा आवाज आला. "हे काय करून ठेवलं गा? सगळं काळं. इथी पट्टी कोणती अन् बोल्ट कोणता?"

उमाजी सीटवर उगीच स्टिअरिंग पुसू लागला.

"सेल्फ मारा अन् धरून ठेवा," राजदीप खालून म्हणाला. "जिथी वाट अडली तिथी तापन."

उमाजीनं चाबी फिरवून धरली. टक्, आणि मग गप्प. क्षण गेला, दुसरा गेला. वरून गोकुळाचा आवाज आला, "डांबर कोण तापवून राह्यलं?"

सुकलूनं रस्त्याकडे पाहिलं. रस्त्याचं काम कुठंच चालू नव्हतं. पण वास खरा होता, तोच, चुलीवरच्या डांबराचा. बॅटरीच्या पेटीमागून धुराची एक बारीक रेघ वर येत होती.

उमाजीनं चाबी सोडली. तो वास ओळखणारा त्याच्याइतका माणूस तिथं दुसरा नव्हता. ती जागाही त्याला ठाऊक होती. गप्प राहिला असता तर राजदीपनं धूर पाहून ती शोधलीच असती, कुणी उमाजीला काही विचारलं नसतं. तो खाली उतरला आणि टपरीवाल्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बॅटरीच्या मागं, सांगाड्याच्या आतून. तिथी तांब्याची चपटी पट्टी हाय. मीच खोलली होती. पट्टीच्या खाली डांबर भरलं, वरून भरलं अन् मंग बोल्ट कसला. पाणी शिरू नाई म्हून."

राजदीप हसत हसत बाहेर सरकला. त्याच्या कपाळावर काळा पट्टा उमटला होता.

"भाऊ, डोंग्याले सेल्फ नसते ना गा!"

सुकलू असा हसला की डब्यातलं पाणी बाहेर उडालं. गोकुळाही हसली आणि लगेच तिनं तोंड फिरवलं. उमाजी हसला नाही. "मंग इतले दिवस चालू काऊन होत होतं?" त्यानं विचारलं.

"बोल्ट करकचून आवळला, म्हून कुठंतरी लोखंडाले लोखंड लागून होतं. आज सकाळपासून हादरे बसले, इंजिनची गरमी लागली, डांबर मऊ झालं अन् पसरलं मधात. पाण्याले वाट नाई ठेवली तुमी, करंटलेबी नाई ठेवली."

उमाजीनं त्याच्या हातातला पाना घेतला. "सरक." स्वतः खाली गेला, बोल्ट काढला, जंगूच्या कमरेला खोचलेल्या विळ्यानं डांबर खरवडलं, डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं घासलं. तांबं लाल दिसेपर्यंत, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. राजदीपला त्यानं हात लावू दिला नाही. पट्टी बसवली, बोल्ट कसला, वर आला. चाबी फिरवली.

इंजिन एका दमात घुमलं. मोहावरचे कावळे उडाले. गोकुळा म्हणाली, "आता चाला," आणि दोन्ही हात पुन्हा पाण्यात घातले.

मूल आलं, मागं पडलं. वैनगंगेच्या पुलावर, जिथं खाली त्याच्या बापाचा काठ होता, उमाजीनं वेग कमी केला नाही. चामोर्शीचा बाजार भरला होता. गर्दीतून हॉर्नवर हात ठेवूनच तो निघाला. गावच्या तलावाच्या पाळीवर, बांधावर, पोचला तेव्हा ऊन कललं होतं आणि अर्धं गाव तलावावर उभं होतं. देवाजी पुढे आले. डब्यांत डोकावले. त्यांनी विचारायच्या आधीच उमाजी बोलला.

"अर्धं बीज पिपरबोडीच्या तलावात गेलं, देवाजीभाऊ. ते आपलं नाई आता. गाडी बंद पडली, माह्याच डांबरानं पडली. थोडं मेलं. हे उरलं."

एका बाईनं "अर्धं?" म्हटलं आणि तिथंच थांबली. देवाजींनी उमाजीच्या काळ्या हातांकडे पाहिलं, मग डब्यांकडे.

"पाण्यात तं उतरव आधी," ते म्हणाले. "हिशेब कोरड्यावर करू."

माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. डबे पाण्यावर तरंगत धरले. उमाजीनं आपला डबा कलता करताच गोकुळानं त्याचं मनगट धरलं.

"थांबा. पाणी पाण्याले ओळखू द्या."

तलावाचं पाणी ओंजळी ओंजळीनं डब्यात घालायचं, आतलं गरम पाणी निवू द्यायचं, मग सोडायचं. घाई केली तर वाटेत वाचलेली मासोळी दारात मरते. उमाजी ओंजळी घालत राहिला, पायानं चिखल ढवळत राहिला. शेवटी गोकुळानं मान हलवली. त्यानं डबा आडवा केला. बोटुकली डब्याच्या तोंडाशी थबकली, बाहेरच्या पाण्याला तोंड लावून. मग एक गेली, तिच्यामागून सगळ्या गेल्या आणि डबा हातात हलका झाला. काही वरच तरंगत राहिल्या, त्या सुकलूनं वेचून पाळीवर टाकल्या.

हिशेब देवाजींनी केला नाही. एवढंच म्हणाले की उरलेल्या बिजाला बगळा आणि पाणकावळा लागू द्यायचा नाही, राखण नीट झाली पाहिजे. राखण उमाजीनं मागून घेतली. महिनाभर तो पाळीवरून फिरला, हातात फुटका डबा आणि काठी. पाणकावळा उतरायच्या आधी उमाजी तिथं पोचलेला असायचा. ट्रकच्या पोटाखालचं डांबर त्यानं अर्धं काढलं, अर्धं तसंच आहे. विचारलं तर म्हणतो, "जिथी करंटचं काम नाई तिथी राहू दे ना."

पण पिपरबोडी त्याला सुटली नाही. मूलकडे खेप लागली की तो वाट वाकडी करतो, सागाच्या प्लॉटमागं ट्रक नेतो. पहिल्यांदा गेला तेव्हा जंगू पाळीवर गुरं राखत होता.

"या उमाजीभाऊ! तुमची मासोळी पाहाले आले का?"

"माही कुठची? तुमची हाय," उमाजी म्हणाला. पण डोळे पाण्यावर होते. थोडा वेळ पाहिल्यावर त्याला राहवलं नाही. "तुमच्या तलावाच्या सांडव्याले जाळी काऊन नाई, बुवा? पुढचा पाऊस आला का सगळं बीज नाल्यानं वाहून जाईन."

"लावू आमी."

"कधी लावसान? ढगं तं आले."

जंगू हसला. म्हणाला, बसा, चहा सांगतो, मग पाहू. तो चहा घेऊन परत आला तेव्हा उमाजी कपडे खोचून सांडव्यात उतरला होता. कुठूनतरी बांबूच्या कामट्या ओढून आणल्या होत्या आणि त्या एकमेकीला बांधत, दोन कामट्यांच्या मधे बोट घालून पाहत होता, मासोळी निसटेल एवढी फट कुठं राहते का.